तळ्याची नोंदवही कोण वाचणार?

सुटीच्या सकाळी तळ्याकाठी पंचवीस-तीस माणसे जमतात, हातमोजे चढवतात, पोती उघडतात आणि दुपारपर्यंत काठावर पिशव्यांचा, बाटल्यांचा आणि उपसलेल्या जलपर्णीचा ढीग उभा राहतो. त्या ढिगासमोर सगळ्यांचे छायाचित्र निघते, ते चार ठिकाणी छापून येते आणि नागरिकांनी तळे स्वच्छ केले असे आपण कौतुकाने म्हणतो. हे कौतुक खोटे नाही. घाम गाळणाऱ्या त्या माणसांविषयी मला मनापासून आदर आहे आणि त्यांच्यातलाच एक म्हणून मी काही वर्षे काम केले आहे. पण त्याच अनुभवातून माझे असे मत बनले आहे की, समाज अशा गटाच्या ज्या कामाला टाळ्या देतो, ते त्याचे सर्वांत कमी महत्त्वाचे काम असते. दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी जाऊन तळ्याची स्थिती पाहायची आणि वहीत लिहून ठेवायची, हे खरे मोलाचे काम. त्याची दखल मात्र जवळजवळ कोणीच घेत नाही. स्वयंसेवी गटाकडे फुकट मिळणारे मनुष्यबळ म्हणून पाहणे आपण थांबवावे आणि तळ्याविषयीच्या निर्णयांत त्याला अधिकृत स्थान द्यावे, असे माझे म्हणणे आहे.

आधी त्या ढिगाचा हिशेब करू. तळे हिरवे पडते, त्यावर शेवाळाची साय धरते, जलपर्णी फोफावते, याचे मूळ बहुतेक वेळा पाण्यात येऊन पडणाऱ्या पोषकद्रव्यांत असते. त्यांतही गोड्या पाण्यात सहसा निर्णायक ठरतो तो फॉस्फरस, म्हणजे शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतात ते द्रव्य. जलपर्णीच्या ओल्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग निव्वळ पाण्याचा असतो. एक टन ओली जलपर्णी बाहेर काढली, तर तिच्यासोबत तळ्यातून जाणारा फॉस्फरस काहीशे ग्रॅमच भरतो. दुसरीकडे, एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण अर्धा किलो फॉस्फरस बाहेर पडतो. तळ्याला मिळणाऱ्या नाल्यात वरच्या अंगाला शंभर कुटुंबांचे सांडपाणी प्रक्रिया न होता येत असेल, तर तीस माणसांनी सकाळभर राबून जेवढे बाहेर काढले, तेवढे तो नाला एका दिवसात परत आणून टाकतो. जलपर्णी काढूच नये असा याचा अर्थ नाही. तिच्या दाट थराखाली उजेड पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, म्हणून ती काढावीच लागते. आणि काढली की काठापासून दूर न्यावी लागते, कारण काठावर कुजत ठेवलेल्या ढिगातला अर्क पहिल्याच पावसात पुन्हा तळ्यात उतरतो. मात्र उपसणे म्हणजे उपाय झाला, असे मानले की नाल्याकडे पाहण्याची गरज कोणालाच वाटेनाशी होते.

हा निव्वळ तर्क नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या वायव्य भागात संशोधनासाठी राखून ठेवलेल्या तळ्यांपैकी २२६ क्रमांकाच्या तळ्यात १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातले, पण फॉस्फरस एकाच भागात घातला. काही आठवड्यांतच तो भाग शेवाळाने हिरवागार झाला आणि पडद्यापलीकडचे पाणी जसे होते तसेच राहिले. विमानातून घेतलेले त्याचे छायाचित्र धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेटवर, म्हणजे फॉस्फरस असलेल्या घटकावर, बंदी घालण्याच्या वादात मोठमोठ्या युक्तिवादांपेक्षा अधिक प्रभावी ठरले. त्या छायाचित्रातली रेघ प्रत्येक तळेगटाने मनात ठेवण्यासारखी आहे, कारण तळ्याचा प्रश्न बहुधा काठाच्या बाहेर, पाणलोटात सुरू होतो आणि पोती घेऊन काठावर उभ्या असलेल्या माणसाचा हात तिथवर पोहोचत नाही. तिथवर पोहोचू शकते ती फक्त नोंद, आणि तीही कोणी वाचली तर.

नोंदीला एवढे महत्त्व का, हे उथळ तळ्यांच्या स्वभावात दडलेले आहे. वस्त्यांजवळची बहुतेक तळी उथळच असतात. डच परिसरशास्त्रज्ञ मार्टेन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात असे मांडले की, अशा तळ्याला दोन स्थिर अवस्था असतात. एका अवस्थेत पाणी नितळ असते आणि तळाशी पाणवनस्पती रुजलेल्या असतात. त्या गाळ धरून ठेवतात, पोषकद्रव्ये शोषून घेतात आणि शेवाळ खाणाऱ्या पाणपिसवांसारख्या बारीक जिवांना माशांपासून लपायला जागा देतात, म्हणून पाणी आणखी नितळ राहते. दुसऱ्या अवस्थेत पाणी गढूळ आणि हिरवे असते, तळापर्यंत उजेड जात नाही, वनस्पती मरतात, मोकळा झालेला गाळ वाऱ्याने आणि तळ उकरणाऱ्या माशांनी ढवळला जातो आणि पाणी आणखी गढूळ होते. दोन्ही अवस्था स्वतःला टिकवून धरतात. पोषकद्रव्ये वाढत असताना तळे बराच काळ तग धरते, वरवर काही बिघडलेले दिसत नाही, आणि मग एखाद्या उन्हाळ्यात ते अचानक पालटते. पालटल्यावर पोषकद्रव्यांचे प्रमाण पूर्वीइतके खाली आणले तरी ते परत फिरत नाही. त्यासाठी ते पूर्वीपेक्षाही पुष्कळ खाली आणावे लागते, शिवाय तळच्या गाळात वर्षानुवर्षे साठलेला फॉस्फरस प्राणवायू संपला की सुटून वर येतच राहतो. पालटण्याआधी एक रुपया खर्चून जे साधते, ते नंतर शंभर रुपयांतही साधेल याची खात्री नसते.

म्हणून प्रश्न असा उरतो, की पालटण्याआधीची ती लहान लहान चिन्हे कोण पाहणार? अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. संशोधन प्रकल्पांना दोन-तीन वर्षांची मुदत असते आणि निधी संपला की उपकरणे परत जातात. उपग्रहाला मोठ्या जलाशयाचा रंग दिसतो, पण पाच-दहा एकरांच्या तळ्यात पाणकणसाच्या आड काय चालले आहे ते दिसत नाही. यंदा तळाची वनस्पती नेहमीच्या कोपऱ्यात उगवलीच नाही, टिबुकलीची तरंगती घरटी चारवरून एकावर आली, चतुर आणि टाचण्या हे उडते कीटक काठावर कमी दिसले, नाल्याच्या तोंडाशी पाण्याला पहाटे वेगळाच वास येतो, हे ज्याला जाणवते तो माणूस तिथे वर्षानुवर्षे येत असावा लागतो, आणि त्याने मागच्या वर्षी काय पाहिले ते लिहून ठेवलेले असावे लागते. स्मरणशक्ती इथे उपयोगाची नाही, कारण माणूस हळूहळू होणाऱ्या ऱ्हासाला सरावतो आणि आज दिसते तेच नेहमीचे मानू लागतो.

असे पाहणे महागडे असावे लागत नाही. १८६५ साली अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात एका जहाजावरून पांढरी तबकडी दोरीने खाली सोडून ती कुठे दिसेनाशी होते ते मोजले. तळ्यांसाठी आज वापरतात ती तबकडी वीस सेंटीमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची असते. ती खाली सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण पाहायची, हळूहळू वर घेऊन पुन्हा दिसली की दुसरी खूण पाहायची आणि दोहोंची सरासरी लिहायची. शाळकरी मुलालाही हे अर्ध्या तासात शिकवता येते. अमेरिकेतील मेन राज्यात १९७१ पासून आणि मिनेसोटात १९७३ पासून स्वयंसेवक हेच करीत आले आहेत. तिथल्या मध्यपश्चिमेतील आठ राज्यांमधल्या तीन हजारांहून अधिक तळ्यांची, नागरिकांनी अनेक दशकांत घेतलेली अशी मोजमापे एकत्र करून केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. एवढ्या तळ्यांवर इतकी वर्षे पगारी माणसे नेमणे कोणत्याही शासनाला परवडले नसते. हा अभ्यास शक्य झाला तो केवळ दर उन्हाळ्यात आपापल्या तळ्यावर होडी घेऊन जाणाऱ्या हजारो सामान्य माणसांमुळे.

यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, हौशी माणसांची मोजमापे विश्वासार्ह नसतात. आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून टाकणे गटांच्याच हिताचे नाही. दोन माणसांच्या डोळ्यांत फरक असतो, ऊन-ढगांचा परिणाम होतो, पक्षी ओळखण्यात चुका होतात, आणि सर्वांत वाईट म्हणजे काही दिसले नाही की नोंदच केली जात नाही, त्यामुळे वहीत फक्त भरलेले दिवस उरतात. पण या दोषांवर उपाय आहेत: वेळ आणि जागा ठरवणे, दोघांनी मिळून मोजणे, काहीच दिसले नाही हेही लिहिणे, अधूनमधून त्याच दिवशीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून ताडून पाहणे. प्रशिक्षित अधिकाऱ्याने वर्षातून एकदा घेतलेले अचूक मोजमाप आणि नागरिकांनी वर्षातून चोवीस वेळा घेतलेले थोडे कमी अचूक मोजमाप यांतून तळ्याचा कल ओळखायचा झाला, तर मी दुसरे निवडीन. एका दिवसाच्या आकड्यावर कल काढता येत नाही. प्राणवायूचेच पाहा. वीस अंश तापमानाच्या पाण्यात प्रत्येक लिटरमध्ये सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. शिवाय शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्रभर तोच वापरते. म्हणून शेवाळाने भरलेल्या तळ्यात दुपारी उपकरण भरघोस आकडा दाखवते आणि मासे मरतात ते पहाटे. कार्यालयीन वेळेत येणाऱ्या तपासणीला ती पहाट कधीच भेटत नाही. काठाजवळ राहणाऱ्या स्वयंसेवकाला ती भेटू शकते.

आता अधिवासांविषयी, कारण इथेच गट आणि यंत्रणा यांच्यात सर्वाधिक खटके उडतात. तळे म्हणजे पाण्याने भरलेला खळगा, अशी कल्पना सुशोभीकरणाच्या आराखड्यांमागे असते. प्रत्यक्षात तळ्यातले जगणे सर्वांत दाटीने असते ते काठाच्या त्या ओलसर, चिखलाळ पट्ट्यात, जिथे जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते हे नीट सांगता येत नाही. पाणकणीस, लव्हाळे आणि बुडालेल्या फांद्या यांत माशांची पिल्ले वाढतात, बेडूक अंडी घालतात, चतुराची अळी शेवटची कात टाकण्यासाठी देठावर चढते. पाणकोंबड्या आणि वारकरी पक्षी तिथेच घरटी करतात. पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या एक टक्क्याहूनही कमी भाग व्यापणाऱ्या गोड्या पाण्यात ज्ञात सजीव जातींपैकी सुमारे दहा टक्के जाती राहतात, त्यांतल्या कितीतरी जगतात या पट्ट्याच्या आधाराने. हाच पट्टा आराखड्यात अस्वच्छ ठरतो. त्याच्या जागी उभी भिंत, तिच्यावर फरसबंदी आणि तिच्यावर रात्रभर जळणारे दिवे येतात. आम्ही ज्या तळ्यावर काम करीत होतो, तिथे एका पाहुण्याच्या भेटीपूर्वी दोन दिवसांत पूर्वेकडचे सगळे पाणकणीस कापून टाकले गेले. घरट्यांत अंडी होती. आमच्या वहीत त्या घरट्यांच्या जागा, तारखा, अंड्यांची संख्या असे सगळे होते. कापणारी माणसे आज्ञेप्रमाणे काम करीत होती, आज्ञा देणाऱ्याला ती वही अस्तित्वात आहे हेच ठाऊक नव्हते, आणि आम्हांला कापणीची बातमी कोयते चालू झाल्यावर कळली. कोणाचा दुष्टावा नव्हता. माहिती असूनही ती निर्णयाच्या जागी पोहोचण्याची वाट नव्हती, एवढेच. ही गोष्ट आठवली की अजूनही वाईट वाटते, आणि या लेखातली मागणी मुख्यतः तिच्यातून आली आहे.

गटांकडूनही चुका होतात, आणि अधिकार मागताना त्या कबूल करणे भाग आहे. डास खातील म्हणून गप्पी मासे सोडणे, तळे सुंदर दिसावे म्हणून बाहेरच्या कमळजाती लावणे, मोकळ्या काठावर उत्साहाने झाडे लावून उघड्या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांची जागा नाहीशी करणे, जलपर्णीबरोबर तळाची उपयुक्त वनस्पतीही उपटून काढणे, एका तळ्यातली जाळी आणि बूट न वाळवता दुसऱ्या तळ्यात नेऊन तण पसरवणे, हे सगळे सद्भावनेने केले जाते. काम झाल्याचे समाधान माणसाला हवे असते आणि तळ्याच्या बाबतीत पुष्कळदा काहीही न करता वाट पाहणे हेच योग्य काम असते. ज्या गटाची मोजदाद श्रमदानाच्या तासांवर आणि उचललेल्या कचऱ्याच्या वजनावर होते, तो वाट पाहू शकत नाही. म्हणजे आपण ज्या मापाने गटाचे कौतुक करतो, तेच माप त्याला चुकीच्या कामाकडे ढकलते.

याहून गंभीर आक्षेप प्रतिनिधित्वाचा आहे. स्वयंसेवी गट कोणी निवडून दिलेला नसतो. ज्यांना सकाळी मोकळा वेळ असतो, वाचनाची आवड आणि दुर्बीण असते अशी माणसे त्यात अधिक असतात. तळ्यात मासे धरून पोट भरणारी, गुरे पाण्यावर आणणारी, काठावर धुणे धुणारी माणसे बहुधा नसतात. असा गट जर तळ्याचा मालक असल्यासारखा वागू लागला, तर तळे वाचेल पण ज्यांचे जगणे त्यावर उभे आहे त्यांना बाहेर काढून वाचेल, आणि ते मला मान्य नाही. सामाईक साधनांच्या व्यवस्थापनावरील कामासाठी २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील उदाहरणांवरून दाखवले की, सामाईक पाणी, कुरणे, मासेमारीची क्षेत्रे दीर्घकाळ टिकली ती जिथे वापरणाऱ्यांचा नियम ठरवण्यात वाटा होता आणि जिथे देखरेख करणारे वापरणाऱ्यांना उत्तरदायी होते तिथे. तळेगटाने हे स्वतःला लावून घ्यायला हवे. मासेमाराला कोणती जात कधीपासून दिसेनाशी झाली हे पक्षिनिरीक्षकापेक्षा आधी कळते. त्याचे सांगणे वहीत त्याच्या शब्दांत आले पाहिजे आणि बैठकीची वेळ त्याच्या कामाच्या वेळेप्रमाणे ठरली पाहिजे. अशा गटालाच मी निर्णयात जागा मागतो आहे.

काही विचारी माणसे याच्या उलट बाजूने हरकत घेतात. नागरिक जेवढे अधिक करतील तेवढी शासनाची जबाबदारी सैल होईल, असे ते म्हणतात, आणि श्रमदानापुरते ते खरे आहे. पण जिथे तळी खरोखर सुधारली, तिथे नागरिकांनी शासनाचे काम स्वतःच्या अंगावर घेतल्याचे दिसत नाही. त्यांनी ते शासनाला करायला लावले. अमेरिकेतील सिएटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात अनेक वस्त्यांचे सांडपाणी जात होते. १९५५ साली तिथे प्रदूषणसूचक शेवाळ आढळले, वैज्ञानिक डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी त्याचा अर्थ लोकांना समजेल अशा भाषेत सांगितला, आणि सांडपाणी वळवण्यासाठी एकत्रित यंत्रणा उभारण्याचा प्रस्ताव मतदानाला आला. १९५८ साली मार्चमध्ये तो फेटाळला गेला. नागरिकांच्या संघटना पुन्हा दारोदार गेल्या आणि सप्टेंबरमध्ये तो मंजूर झाला. १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी टप्प्याटप्प्याने वळवले गेले आणि पुढच्या दशकात पाणी पुन्हा नितळ झाले. जपानमधील बिवा सरोवरात १९७७ च्या मे महिन्यात लाल-तपकिरी प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांचा थर पसरला, तेव्हा शिगा प्रांतातल्या गृहिणींनी फॉस्फेट असलेली धुण्याची पावडर सोडून साबण वापरण्याची चळवळ उभी केली, स्वयंपाकातले वापरलेले तेल गोळा करून साबण तयार करवला, आणि १९७९ साली फॉस्फेटयुक्त पावडरींच्या विक्रीवर व वापरावर बंदी घालणारा नियम प्रांताने केला. सरोवर एवढ्याने कायमचे सुरक्षित झाले नाही. हिवाळ्यात वरचे थंड, प्राणवायूयुक्त पाणी तळापर्यंत उतरते तो बिवाचा दीर्घ श्वास २०१९ आणि २०२० अशी सलग दोन वर्षे अपुरा राहिला. हे कळले, कारण मोजणे कधी थांबवले गेले नव्हते.

निर्णयात जागा म्हणजे नेमके काय, हेही स्पष्ट केले पाहिजे, कारण समितीवर एक मानाची खुर्ची देऊन हा विषय मिटवणे फार सोपे आहे. तळ्याच्या काठात, पाण्याच्या पातळीत, नाल्यांत किंवा वनस्पतीत बदल करणारे कोणतेही काम काढण्याआधी गटाला ठरलेल्या मुदतीची पूर्वसूचना मिळावी आणि त्याच्या नोंदी त्या कामाच्या कागदपत्रांना जोडल्या जाव्यात. घरट्यांच्या मोसमात काठ कापायचा असेल, तर तसे का करावे लागते हे लेखी सांगण्याचे बंधन काम काढणाऱ्यावर असावे. तळ्याला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याचा आणि गटाराचा नकाशा गटाला पाहायला मिळावा. पाण्याचे नमुने तपासण्यासाठी सार्वजनिक प्रयोगशाळेचे दार उघडे असावे आणि त्याचा खर्च स्वयंसेवकांच्या वर्गणीतून होऊ नये, कारण हे लोकांचे पाणी आहे. याच्या बदल्यात गटाने आपली वही सर्वांसाठी खुली ठेवावी, मोजण्याची पद्धत जाहीर करावी, चुकलेल्या नोंदी खोडून न टाकता दुरुस्तीसह तशाच ठेवाव्यात आणि दर वर्षी दोन नव्या माणसांना तयार करावे, म्हणजे एक जाणता सदस्य आजारी पडला की वीस वर्षांचा धागा तुटणार नाही.

या सगळ्यांतून एकच गोष्ट आधी मिळणार असेल, तर मी उत्तर मागीन. गटाने नाल्याच्या तोंडाशी प्राणवायू घटत असल्याची नोंद कळवली, तर संबंधित विभागाने ठरलेल्या दिवसांत लेखी उत्तर द्यावे: तपासले आणि अमुक आढळले, किंवा तपासले आणि काही आढळले नाही, किंवा अमुक कारणाने तपासता आले नाही. उत्तर नकाराचे असले तरी चालेल. ते वहीत त्याच तारखेसमोर चिकटवले जाईल, आणि पुढच्या पंधरवड्यात तबकडी पुन्हा त्याच जागी खाली सोडली जाईल.